मारुती ८०० (१९९२): थंड असताना लगेच चालू होते, गरम झाली की सेल्फ फिरतो पण इंजिन धरत नाही

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. गाडी मारुती ८००, १९९२ची. कार्ब्युरेटरवाली, पॉइंटवाली, चोकचा नॉब ओढायची. बाबांनी घेतलेली, आता मी चालवते. शोभेला ठेवलेली नाही. पाटणहून कराडला शाळेत जायला आणि सुट्टीत कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला मावशीकडे जायला हीच गाडी.

सकाळी चोक ओढला की अर्ध्या सेल्फवर चालू होते. चोक हळूहळू आत केला की आयडलिंगही एकसारखं. पण अर्धा-पाऊण तास चालवून बंद केली, त्यातून घाट चढून आल्यावर केली, की संपलं. सेल्फ फिरत राहतो, इंजिन काही उचलत नाही. बॉनेट उघडून चहा-बिहा घेऊन यावं, इंजिन निवलं की मुकाट चालू होते. मागच्या आठवड्यात पोफळी सोडून वर चढताना चालत्या गाडीने हिसके दिले आणि बंदच पडली. मागे एसटी, पुढे वळण, शेजारी माझी म्हातारी मावशी.

गॅरेजवाल्यांनी आधी बॅटरी बदलली, मग प्लग बदलले, मग कार्ब्युरेटर खोलून धुतला. फरक शून्य. आता म्हणतात, कॉम्प्रेशन गेलंय, इंजिन खोलू. खर्च करायला माझी ना नाही, पण कशासाठी करतोय ते कळल्याशिवाय आता एकही पार्ट बदलायचा नाही असं ठरवलंय. कुठून सुरुवात करू?

दहाबाराचा_पाना

ताई, इंजिन खोलू देऊ नका. कॉम्प्रेशन गेलेली गाडी सकाळी थंडीत जास्त रडवते. अर्ध्या सेल्फवर उठणाऱ्या इंजिनाच्या रिंगा गेल्या, हे मला पटत नाही. फार तर व्हॉल्व्हची क्लिअरन्स कमी झाली असेल. मग गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाहीत आणि दाब निसटतो. ते फीलर गेज घालून तासाभरात तपासता येतं, त्यासाठी हेड काढायची गरज नाही.

'स्टार्ट होत नाही' या एका तक्रारीत दोन वेगळे आजार असतात आणि निम्मे पैसे ते एकत्र धरल्यामुळे वाया जातात. पहिला, सेल्फच फिरत नाही किंवा ओढून ओढून फिरतो. हा बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग, सोलेनॉइड (किल्ली फिरवल्यावर सेल्फचा प्रवाह जोडणारा स्विच), सेल्फ मोटर यांचा प्रांत. दुसरा, सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन धरत नाही. इथे बॅटरी बदलून काही होणार नाही, कारण बॅटरी तिचं काम करतेच आहे. तुमची गाडी दुसऱ्या गटातली आहे. या गटात प्रश्न एवढाच की त्या क्षणी पेट्रोल येत नाही की करंट (म्हणजे प्लगवरची ठिणगी) येत नाही.

चार गोष्टी सांगा. गरम असताना सेल्फ सकाळइतक्याच वेगाने फिरतो का? बराच वेळ सेल्फ मारल्यावर पेट्रोलचा वास येतो का? बंद पडताना आधी गाडी उपाशी असल्यासारखी दम टाकते की एकदम बटण बंद केल्यासारखी थांबते? आणि टाकीत पेट्रोल कमी असताना हे जास्त होतं का?

सातमाळा

हा सरळ सरळ व्हेपर लॉक आहे. आमच्याकडे चांदवडच्या बाजूला मे महिन्यात जुन्या ८००, ओम्नी, सगळ्यांना होतो. या गाडीचा एसी पंप (म्हणजे पेट्रोलचा यांत्रिक पंप) इंजिनाच्या अंगालाच बोल्ट केलेला, आणि टाकी पार मागे. पंप लांबून पेट्रोल ओढतो म्हणजे नळीत दाब कमी होतो, आणि कमी दाबात पेट्रोलची वाफ लवकर होते. गाडी बंद केली की रेडिएटरमधून वारा नाही, पाणी फिरत नाही, म्हणून बॉनेटखालची उष्णता बंद केल्यावर उलट थोडा वेळ वाढते. पंपात वाफ भरली की तो नुसता हवा चावत बसतो.

त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. १९९२च्या गाडीतले रबरी पाइप त्यासाठी केलेलेच नाहीत. ते फुगतात, मऊ पडतात, क्लॅम्पखाली चिरतात. ओढीच्या बाजूला चीर पडली तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. त्यामुळे खाली डाग दिसत नाही आणि माणूस फसतो.

घाटात बंद पडली की पंपावर ओलं फडकं टाका. पाच मिनिटांत चालू झाली तर माझं म्हणणं खरं.

कोयनाकाठ

पाना दादा, उत्तरं देते. सेल्फ गरम असतानाही जोरात फिरतो, सकाळपेक्षा जरा हलकाच. बराच वेळ सेल्फ मारल्यावर पेट्रोलचा वास येतो, हे मात्र नक्की. टाकी अर्धी असो की भरलेली, फरक नाही. बंद पडताना दम वगैरे टाकत नाही. दोन हिसके आणि एकदम गप्प.

सातमाळा, पाइपांचं वाचून लगेच खाली वाकून बघितलं. पंपाजवळचा पाइप नखाने दाबला तर खाच तशीच राहिली, आणि टोकाला बारीक भेगा आहेत. तो बदलून घेतेच. ओल्या फडक्याचा प्रयोग काल कराडहून परतल्यावर दारातच केला. पंपावर फडकं टाकून थांबले, सेल्फ मारला, काही नाही. परत पाणी घातलं, परत काही नाही.

आर्मेचर

मी ऑटो इलेक्ट्रिकलच्या कामातून निवृत्त झालेला माणूस. पोरी, तुझं वर्णन वाचून मला हा पेट्रोलचा दोष वाटत नाही. पेट्रोल संपत आलं की गाडी आधी ओढ कमी करते, मागेपुढे झुलते, मग थांबते. करंट गेला की हिसका आणि खलास. शिवाय वास येतोय म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल पोचतंय, जळत नाहीये. पण अंदाज तो अंदाज. डोळ्यांनी बघ.

आधी पेट्रोल. गाडी चालू होत नसतानाच, किल्ली बंद करून, एअर फिल्टरचं झाकण काढ. कार्ब्युरेटरच्या तोंडात वरून बघत ॲक्सिलरेटरची केबल ओढतो तो लिव्हर हाताने झटकन फिरव. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर फ्लोटच्या वाटीत पेट्रोल आहे. कोरडं असेल तर सातमाळांचं म्हणणं परत विचारात घेऊ. फिल्टर परत बसवूनच पुढचं काम.

आता करंट. एक चांगला जुना प्लग आणि जंप केबल डिकीत ठेव. एका प्लगची वायर काढून या जादा प्लगला लाव. त्याचा धातूचा भाग केबलच्या चिमट्यात धर, केबलचं दुसरं टोक इंजिनाच्या स्वच्छ धातूवर लाव. प्लग कार्ब्युरेटरपासून आणि पेट्रोलच्या पाइपापासून लांब ठेव. हातात अजिबात धरायचा नाही, तिथे वीस हजार व्होल्टच्या घरातला दाब असतो. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, आणि दुसऱ्या कुणालातरी सेल्फ मारायला सांग.

निळा, जाड, टक्-टक् आवाज करणारा करंट म्हणजे चांगला. पिवळट, केसासारखा, मधेच चुकणारा म्हणजे नाहीच समज. कारण उघड्या हवेत ठिणगी सहज उडते, सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेत उडायला कितीतरी जास्त जोर लागतो. बाहेर जेमतेम दिसणारा करंट आत उडतच नाही.

हे सगळं गरम असताना, दोष हजर असताना करायचं. गॅरेजमध्ये गाडी सकाळी सोडली तर ती निवलेलीच असते, मग मिस्त्रीला सगळं ठीक दिसतं. तुझ्या गॅरेजवाल्यांचं तेच झालं असणार.

रानवाट

एवढं कशाला? एअर फिल्टर काढायचा, कार्ब्युरेटरमध्ये बाटलीच्या झाकणाने पेट्रोल ओतायचं आणि सेल्फ मारायचा. आमचा ड्रायव्हर कायम असंच करायचा.

दहाबाराचा_पाना

रानवाट, कृपया हा सल्ला इथे नको. गरम इंजिन, उघडा कार्ब्युरेटर, वर ओतलेलं पेट्रोल आणि त्यात टायमिंग चुकून बॅकफायर झाला तर ज्वाळा सरळ वर येते. बॉनेटमध्ये डोकं घालून उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा भाजतो. मी एका ओळखीच्या मुलाची भुवई आणि हात दोन्ही भाजलेले पाहिलेत. ताई बहुधा एकट्या प्रवास करतात. त्यांना आधी आग विझवायचा छोटा सिलिंडर सीटखाली ठेवा असं सांगेन.

बाकी आर्मेचर काकांनी सांगितलंय त्यात एक शब्दही कमी-जास्त करायचा नाही.

कुर्ल्याची_फियाट

ताईंच्या धाग्यात माझं घुसवतो, क्षमस्व, पण विषय गरम गाडीचाच आहे. प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी. थंड असताना झकास. गरम झाली की किल्ली फिरवल्यावर फक्त 'टक्'. सेल्फ फिरतच नाही. बॅटरी दिवाळीत नवीन टाकली आहे. धक्का मारला की लगेच चालू. दोघांनी सेल्फ मोटर बदला म्हणून सांगितलं.

दहाबाराचा_पाना

म्हणजे तुम्ही पहिल्या गटातले. सेल्फ मोटर बदलण्याआधी शे-दोनशे रुपयांचा मल्टीमीटर घ्या.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, काही चालू न करता, बॅटरीच्या दोन खांबांवर मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली असेल तर बॅटरी नवीन असली तरी उपाशी आहे, चार्जिंग बघा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ मिळायला हवं. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरी थकलेली, किंवा सेल्फ मोटर गरजेपेक्षा जास्त खातेय.

पण तुमच्या बाबतीत माझा संशय अर्थिंगवर आहे. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ठेवा, टर्मिनलच्या पट्टीवर नाही, शिशाच्या खांबावर. दुसरं टोक इंजिनाच्या ब्लॉकवर, रंग नसलेल्या जागी. कॉइलची (बॅटरीचे व्होल्ट वाढवून ठिणगी देणारा भाग) मधली वायर डेल्कोकडून (ठिणगी एकेका प्लगला वाटणारा डिस्ट्रिब्यूटर) काढून बॉडीला अर्थ करून ठेवा म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मग कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. मीटरवर ०.२ व्होल्टपर्यंत आलं तर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थची पट्टी, तिचे बोल्ट, बॉडीवरचा गंज यांपैकी काहीतरी वाट अडवतंय. तसंच पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत मोजा, तिथेही अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नको.

सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. एवढ्या प्रवाहात जोडामध्ये ०.०१ ओमचा अडथळा असला तरी एक-दीड व्होल्ट तिथेच जिरतात. हेडलाइट त्याच वायरीवर झक्क लागतो, हॉर्न वाजतो, कारण ते पाच-दहा अँपिअरच घेतात. म्हणून 'लाइट तर चांगले लागतात' यावरून वायरिंग चांगलं ठरत नाही. गरम झाल्यावर तांब्याचा विरोध वाढतो, सेल्फला नेहमीपेक्षा जास्त कष्ट पडतात, आणि सकाळी कसंबसं निभावणारा जोड दुपारी हात टेकतो.

सगळे जोड चांगले निघाले तर मग सोलेनॉइडच्या छोट्या वायरीवर किल्ली फिरवताना पूर्ण व्होल्ट येतात का बघा. जुन्या इग्निशन स्विचमधून तिथे दहाच व्होल्ट पोचत असतील तर सोलेनॉइड टक् करतो पण आतले जाड कॉन्टॅक्ट नीट दाबत नाही. हेही ठीक असेल तर, आणि तरच, सेल्फ उतरवून कार्बन ब्रश आणि बुश बघा.

कोयनाकाठ

आर्मेचर काका, केलं. काल मुद्दाम घाटात नेऊन आणली, भावाला बरोबर घेतलं. हेळवाकच्या पुढे सावलीत थांबवली आणि ठरल्याप्रमाणे बंद पडली.

लिव्हर फिरवल्यावर पेट्रोलची पिचकारी स्वच्छ दिसली. फिल्टर परत बसवला. मग जादा प्लग लावून भावाने सेल्फ मारला. भर दुपार होती म्हणून मी छत्री धरून अंधार केला. करंट अगदी बारीक, पिवळा, आणि मधे मधे नाहीच. इंजिन निवल्यावर परत तेच केलं, तर निळा आणि चट्-चट् वाजणारा. फरक कुणालाही दिसेल असा होता.

एवढे दिवस ज्याला इंजिनाचा दोष म्हणत होते तो वायरीत निघाला म्हणून खूप हलकं वाटलं. आता पुढे? कॉइल बदलू का?

आर्मेचर

शाब्बास. छत्रीची युक्ती मला कधी सुचली नव्हती.

कॉइल अजून बदलायची नाही. तुझा नियम तूच मोडू नकोस. करंट अशक्त व्हायला कॉइल, पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारी-तोडणारी टोकं), कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा), कॉइलला येणारा सप्लाय आणि डेल्कोची कॅप-रोटर एवढे उमेदवार आहेत.

गरम असताना किल्ली ऑन करून कॉइलच्या पॉझिटिव्हवर व्होल्ट मोज. मग किल्ली बंद करून डेल्कोची कॅप काढून पॉइंट बघ. त्यांचे तोंडाला तोंड लागणारे ठिपके राखाडी-स्वच्छ हवेत. एकावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा असेल तर बहुतेक कंडेन्सर चुकीचा किंवा कमजोर. निळे-काळे जळालेले असतील तर त्यांच्यातून जास्त प्रवाह जातोय. कंडेन्सर गेला की पॉइंट उघडताना तिथेच झगझगीत ठिणगी पडते आणि कॉइलचा जोर तिथेच वाया जातो.

शेवटी ओल्या फडक्याचा प्रयोग परत कर, या वेळी कॉइलच्या अंगावर. वरची टोकं कोरडी ठेव. फडकं टाकून थोड्या वेळात चालू झाली तर कॉइल आतून गरम होऊन इन्सुलेशन सोडतेय. आणि कॉइलला हात लावून बघ, बेताने. कोमट-गरम असणं ठीक आहे. हात ठेववत नसेल तर ती एवढी का तापते, हा खरा प्रश्न.

मीटर असेल तर कॉइलच्या दोन बारीक टोकांमधला विरोधही मोज, वायरी सोडवून. हा आकडा मला हवाच आहे.

सँट्रोवाला

२००३ची सँट्रो, इंजेक्शनवाली. माझ्याकडेही हुबेहूब हीच लक्षणं होती. गरम झाली की सेल्फ फिरतो, धरत नाही. तिथे पॉइंट-कंडेन्सर नसतात, क्रँक सेन्सर असतो. तो गरम झाल्यावर सिग्नल द्यायचा बंद व्हायचा आणि कॉम्प्युटर इंजिन फिरतंय हेच मानायचा नाही. इंजेक्शन गाडीवाल्यांनी आधी किल्ली ऑन करून मागच्या सीटखालून पंपाची दोन सेकंदांची गुणगुण ऐकावी, आणि डॅशबोर्डवर इमोबिलायझरचा दिवा लुकलुकतोय का ते बघावं. किल्लीतल्या चिपचा घोळ असेल तर गाडी चालू होऊन लगेच बंद पडते किंवा धरतच नाही.

सातमाळा

कोयनाकाठ, तुमचा दोष व्हेपर लॉक नाही, हे पटलं. पाइप मात्र बदलाच, तेही इथेनॉल चालणारे, इंजेक्शन गाड्यांसाठी येतात तसल्या दर्जाचे मागा. मीटरच्या हिशेबाने कापून विकला जाणारा साधा काळा पाइप घेऊ नका.

डिझेलवाल्यांपैकी कुणी वाचत असेल तर: सुमो, इंडिका, जुनी जीप थंडीत धुरकट पांढरा धूर सोडत उठत नसेल तर आधी हीटर प्लग. फिल्टर बदलल्यावर उठत नसेल तर लाइनमध्ये हवा, हँडपंप मारून ब्लीड करा. धूरच येत नसेल तर डिझेल पोचत नाहीये, पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड बघा.

कोयनाकाठ

आकडे घेऊन आले.

कॉइलच्या पॉझिटिव्हवर किल्ली ऑन असताना पूर्ण बॅटरीचे व्होल्ट, जवळजवळ साडेबारा (पॉइंट तेव्हा उघडे होते). कॉइलचा विरोध १.५ ओम. पॉइंट निळे-काळे, कडा वितळल्यासारख्या. कॉइलला बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं, अक्षरशः चटका. ओलं फडकं टाकलं, वाफ आली, पाणी परत परत घातलं, आणि गाडी चालू झाली! भावाने टाळ्या वाजवल्या.

आणखी एक दिसलं, त्याचा फोटो टाकलाय. कॉइलच्या पट्ट्याला एक पांढरा, चिनी मातीचा, बोटाएवढा तुकडा स्क्रूने लावलाय. त्याला मधोमध चीर गेली आहे. त्याच्याकडे जाणारी वायर कापून, दुसऱ्या वायरीला पिळून, वर काळी टेप गुंडाळली आहे. टेप इतकी जुनी की हात लावताच भुगा झाला. हे काय आहे?

आर्मेचर

पोरी, सापडलं.

तो पांढरा तुकडा म्हणजे बॅलास्ट रेझिस्टर. तुझ्या गाडीवर बसवलेली कॉइल दीड ओमची आहे. ती कॉइल रेझिस्टरबरोबरच वापरायची असते. दोघांचा मिळून विरोध तीन ओमच्या आसपास होतो आणि पॉइंट मिटलेले असताना चारेक अँपिअर जातात. कधीतरी तो रेझिस्टर तडकला, गाडी रस्त्यात उभी राहिली, आणि कुणीतरी ती वायर सरळ जोडून दिली. त्या वेळी ते योग्यच होतं, माणूस घरी पोचला. पण नंतर कुणी परत बघितलं नाही.

आता चालू गाडीत चौदा व्होल्ट आणि दीड ओम म्हणजे नऊ अँपिअरच्या वर, दुप्पट. थंड कॉइलला हा प्रवाह मानवतो, करंट उलट जाडजूड पडतो. म्हणूनच तुझी गाडी सकाळी अर्ध्या सेल्फवर उठायची आणि कुणाला करंटवर संशय आला नाही. अर्ध्या तासात कॉइल आतून भाजून निघते, इन्सुलेशन दम सोडतं. तोच दुप्पट प्रवाह पॉइंटमधून जातो, म्हणून ते निळे पडले.

आता नुसती नवी कॉइल टाकली असतीस तर काही महिने चालली असती आणि तिचीही हीच गत झाली असती. दोनच मार्ग. दीड ओमची कॉइल आणि नवा रेझिस्टर, किंवा तीन ओमची कॉइल आणि रेझिस्टर नाही. दुकानात मीटर घेऊनच जा आणि काउंटरवर मोजून घे. पॉइंट, कंडेन्सर एकत्रच बदल. कंडेन्सर चांगल्या कंपनीचा, नकली बाजारात फार आहेत. जुना कंडेन्सर चालू असेल तर फेकू नकोस, डिकीत ठेव.

काही गाड्यांत सेल्फ मारतानाच रेझिस्टर टाळून कॉइलला पूर्ण व्होल्ट देणारी वेगळी वायर असते. ती मूळचीच असेल तर कापायची नाही, इलेक्ट्रिशियनकडून आधी माग काढून घे.

वाशिष्ठी

चिपळूणहून. आमच्याकडे गरमीपेक्षा पावसाचा ताप. जुलैत दारात उभी असलेली ८०० सकाळी उठतच नाही, दुपारी ऊन पडलं की उठते. तोही करंटचाच प्रकार का?

दहाबाराचा_पाना

हो. डेल्कोच्या कॅपमध्ये दमट हवेचं पाणी साचतं आणि करंट प्लगकडे जायच्या ऐवजी कॅपच्या आतून पसरतो. कॅप काढून कोरड्या सुती कापडाने आतून पुसा, रोटर पुसा, आणि उजेडात तिरकी धरून बघा. आत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ती कार्बनची वाट आहे. पुसून जात नाही, कॅप बदलायचीच. वायरींसाठी रात्री, अंगणात, मोकळ्या जागेत इंजिन चालू ठेवून बॉनेटमध्ये नुसतं बघा, हात घालू नका. प्लगच्या वायरींवरून निळसर किडे वळवळताना दिसले तर वायरी गेल्या. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून हे करू नका, धूर जीवघेणा असतो.

कोयनाकाठ

काम झालं. कराडला कॉइल मिळाली, पण मोजली तर दीड ओम आणि रेझिस्टर नाही. दुकानदार म्हणाले, "सगळे अशीच लावतात." मी घेतली नाही. पुण्यात भावाने नाना पेठेत शोधून रेझिस्टरसकट जोडी आणली, मीटर लावून. ओम्नीलाही हेच ७९६ सीसीचं इंजिन होतं, त्यामुळे पॉइंट-कंडेन्सर लगेच मिळाले. पेट्रोलचे पाइप बदलले. सगळं मिळून खर्च नव्या बॅटरीच्या निम्म्याहूनही कमी.

पॉइंटची गॅप इलेक्ट्रिशियनने डोळ्याने लावली होती. मी फीलर गेज मागवून ०.४५ मिलिमीटर करून घेतली, मग टायमिंग परत लावलं. रविवारी मावशीला घेऊन भर दुपारी कुंभार्ली चढले, वर बंद केली, पाणी प्यायलो, लगेच सेल्फ मारला. पहिल्या फेरीत चालू. कॉइलला हात लावला, गरम आहे पण हात ठेवता येतो. आर्मेचर काका, तुमच्यामुळे इंजिन खोलायचं वाचलं. बाबांना फोनवर सगळं वाचून दाखवलं, त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. ती वायर कुणी जोडली होती ते त्यांना आठवत नाही.

काका, एक विचारायचं होतं. पॉइंट परत कधी तपासू?

आर्मेचर

बाबांना माझाही नमस्कार. नव्या पॉइंटची टाच (डेल्कोतल्या कॅमवर घासणारा भाग) सुरुवातीला झिजते आणि गॅप कमी होते, म्हणून हजारेक किलोमीटरनंतर एकदा बघ. पुढे दर पाच हजारांना. कॅमवर ग्रीसचा अगदी बारीक ठिपका लाव, जास्त लावलंस तर उडून पॉइंटवर बसतं. गॅप बदलली की टायमिंगही सरकतं, ते दरवेळी बघून घे.

कुर्ल्याची_फियाट

पाना दादा, आकडे: बॅटरी १२.५. चालू असताना १४.१. निगेटिव्ह खांब ते इंजिन ब्लॉक, सेल्फ मारताना १.८ व्होल्ट. पॉझिटिव्ह बाजू ०.३.

दहाबाराचा_पाना

१.८! तुमची सेल्फ मोटर निर्दोष आहे. गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी विणलेली अर्थ पट्टी बघा. बोल्ट सोडवा, दोन्ही जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, पट्टी हिरवी पडली असेल तर नवी लावा, घट्ट करा आणि वरून ग्रीस लावा. मग परत मोजा आणि नवा आकडा इथे टाका.

कुर्ल्याची_फियाट

पट्टीच्या निम्म्या तारा तुटलेल्या होत्या, बोल्टखाली रंगाचा थर. नवी लावली. आता ०.१५. गरम गाडीवरही सेल्फ सकाळसारखा फिरतो.